बेचाळीस मीटरवरचा आवाज

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, अंगाला उटण्याचा वास येत असतानाच रेडिओपुढे कीर्तन ऐकायला बसणारी पिढी आता विरळ झाली. त्या पिढीला हे सांगायला नको, की रेडिओ ही ऐकायची वस्तू. बोलायचे काम सरकारचे! पण याच आपल्या मुंबईत १९४२ साली जेमतेम अडीच महिने एक असा रेडिओ बोलत होता, की ज्याला बोलण्याचा कोणताही परवाना नव्हता. त्याची हकिगत मी वर्गात पुष्कळदा सांगतो. मुले उषा मेहतांवर खूश होतात. माझे मन मात्र दरवेळी दुसऱ्याच एका माणसापाशी अडखळते.

आठ ऑगस्टला गोवालिया तलावावर ठराव झाला आणि नऊच्या पहाटे पुढारी गजाआड गेले. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप पडले. विल्सन कॉलेजातून बाहेर पडलेली बावीस वर्षांची उषा आणि तिचे मित्र, म्हणजे विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी मंडळी, यांनी ठरविले की आपलेच आकाशवाणी केंद्र काढायचे. निर्धार होता, पैसा जमला. परंतु यंत्र कोण करणार? निर्धाराने विद्युतमंडल जुळत नाही, त्याला हात लागतो. तो हात नरिमन प्रिंटर नावाच्या पारशी गृहस्थांचा होता.

प्रिंटर हे हौशी बिनतारीवाल्यांपैकी. १९३९ साली महायुद्ध पेटताच अशा हौशी लोकांना आपापली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या हवाली करण्याचा हुकूम सुटला होता. पण यंत्र जप्त करता येते, ते जुळविण्याची विद्या जप्त करता येत नाही! नव्या केंद्राचा आवाज ४२.३४ मीटरवर निघू लागला. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर, त्याला ४२.३४ ने भागले, तर सेकंदाला सुमारे ७१ लाख आवर्तने येतात. (माझ्या दहावीच्या मुलांनी हा भागाकार फळ्यावर करून दाखविला आहे.) ही जागा हौशी मंडळींच्या नेहमीच्या ४० मीटरच्या पट्ट्यातलीच. दोन मित्रांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, त्या खिडकीतून आता देश बोलू लागला. लघुलहरी आकाशातल्या वरच्या विद्युतभारित थरांवर आदळून दूरवर परततात, म्हणून मुंबईच्या एका खोलीतला आवाज शेकडो मैलांवर पोचू शके.

आज आमच्या नाशकात सिंहस्थाच्या गर्दीत पोलिसांच्या कमरेला जे बोलके संच दिसतात, त्यांना ‘कोणत्या लहरीवर बोलावे’ हे एक छोटी फाईल सांगते. तंत्रज्ञ केबल जोडतो, संगणकावर आकडे बदलतो आणि संचाचा जणू पुनर्जन्म होतो. त्या काळी असला आकडा लोखंडात, तांब्यात आणि काचेत असे. वेटोळ्याचे वेढे कमी-जास्त करायचे, धारित्राची चकती केसभर फिरवायची, किंवा गारगोटीच्या स्फटिकाची ठरावीक जाडीची चकती बसवायची. चकती पातळ, तर आवर्तने जास्त. फाईल बदलायला मिनिटे लागतात. वेटोळे जमवायला रात्र जाई. मात्र एक गोष्ट तेव्हाही तीच होती आणि आजही आहे: परवान्याशिवाय हा आकडा बदलून बोलू लागणे हा गुन्हा!

केंद्र एका जागी टिकू शकत नव्हते, कारण दिशा शोधणाऱ्या पोलिसी गाड्या मुंबईभर फिरत. चौपाटीच्या ‘सी व्ह्यू’तून लॅबर्नम रोडच्या ‘अजित व्हिला’त, तिथून सँडहर्स्ट रोडला, असे बिऱ्हाड हलविणे चाले. भाषणे व बातम्या एका जागी मुद्रित होत आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागेहून होई. राममनोहर लोहिया पाठीशी होते, नगरचे अच्युतराव पटवर्धन होते. आणि बातम्या तरी कसल्या! विदर्भातील आष्टी-चिमूरला पोलिसांनी व लष्कराने काय केले, हे वर्तमानपत्रांना छापण्याची सोय नव्हती. ते या रेडिओने सांगितले. कादंबरीकार म्हणून सांगतो, तेवढ्या एका बातमीसाठीसुद्धा हा सारा उपद्व्याप सार्थकी लागला.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनी तोंड उघडले. बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडली. उषाबाई तिथेच होत्या. त्या निसटल्या, मुद्रणाच्या जागी जाऊन लोहियांना त्यांनी खबर दिली, दुसऱ्या यंत्राची तजवीज करण्यास एका तंत्रज्ञास सांगितले आणि मग, पकडले जाणार हे पुरते ठाऊक असूनही, चंद्रकांत झवेरींसह पारेखवाडीत जाऊन संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला. ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत असताना पोलीस दारे फोडून आत शिरले. ‘बंद करा’ म्हणून हुकूम झाला. तबकडी पुरी वाजली.

खटल्यात प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबाईंना चार, चंद्रकांतांना एक वर्ष शिक्षा झाली. उषाबाई येरवड्याहून १९४६ साली सुटल्या.

आता माझे अडखळणे सांगतो. कादंबरीत अशा पात्राला घरभेदी म्हणून रंगवायला लेखणीला मुळीच कष्ट पडत नाहीत. मुलेही वर्गात लगेच ‘फितूर!’ म्हणून मोकळी होतात. मी त्यांना फितूर म्हणू नका असे सांगत नाही. फितुरी झालीच, आणि तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली. पण तो आवाज आकाशात गेला तोही याच माणसाच्या हाताने. मुले मग विचारतात, “सर, म्हणजे तो चांगला की वाईट?” परीक्षेत या प्रश्नाला किती गुण असतात, असे विचारून मी सुटका करून घेतो.

याच खटल्यात ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी हेही आरोपी होते. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविणारी ती पेढी. उपकरणे पुरविल्याचा त्यांच्यावर आरोप होता. ते निर्दोष सुटले. त्याच मोटवानी घराण्याचा कारखाना पुढे आमच्या नाशिकरोडला उभा राहिला आणि विजेचा दाब, प्रवाह मोजणाऱ्या त्यांच्या मीटरांनी कित्येक मेकॅनिकांच्या पेट्यांत जागा मिळविली. अंगणातला आकाशकंदील लागेना म्हणून तुम्ही वायरमनला बोलावलेत, तर त्याच्या हातातल्या मीटरवरचे नाव जरूर वाचून पाहा.