ल मां येथील मोटार शर्यत आणि ब्रेक वापरण्याच्या तंत्राचा विकास (१९५२ ते १९५५)

प्रस्तावना

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा इंजिनाची शक्ती आणि वेगाचे विक्रम यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. वेग आवरण्याच्या कौशल्याला त्यात दुय्यम स्थान मिळते. फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून होणाऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे कौशल्य निर्णायक ठरले. ब्रेकच्या रचनेतील बदलाने चालकाचे तंत्र कसे बदलले आणि त्यातून कोणते प्रश्न उद्भवले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ड्रम ब्रेकची मर्यादा

ब्रेक लावणे म्हणजे गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ल मांच्या सुमारे १३.५ किलोमीटरच्या मार्गावर जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता व त्याच्या शेवटी मुल्सानचे तीव्र वळण होते. ड्रम ब्रेकमध्ये घर्षण बंदिस्त जागेत होत असल्याने उष्णता साचून राही, ड्रम प्रसरण पावे आणि लायनरची पकड कमी होई. साहजिकच चालक वळणाच्या बरेच आधी ब्रेक लावीत, खालच्या गिअरमध्ये येऊन इंजिनाच्या रोधाचे साहाय्य घेत आणि ब्रेक अखेरपर्यंत पुरवून वापरीत.

डिस्क ब्रेक आणि नवे तंत्र

फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. तथापि शर्यतीच्या गाडीसाठी त्याचा यशस्वी विकास जॅग्वार आणि डनलॉप यांनी केला. १९५२ मध्ये रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी असे ब्रेक असलेली सी-टाइप जॅग्वार चालवून विजय मिळविला. १९५३ मध्ये टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ल मां जिंकली. तेथे विजेत्याचा सरासरी वेग ताशी १०० मैलांपलीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. उघड्या तबकडीवरील उष्णता हवेत सहज निघून जात असल्याने वळणाच्या अगदी जवळ आणि वारंवार जोरात ब्रेक लावणे शक्य झाले. टायरची पकड मात्र मर्यादितच राहिली. तीच पकड वेग कमी करण्यासाठी व वळण्यासाठी वाटून घ्यावी लागते. म्हणून वळणात शिरताना पेडलवरील दाब क्रमाक्रमाने सोडणे हे चालकाचे खरे कसब ठरते.

१९५५ ची दुर्घटना

१९५५ मध्ये मर्सिडीजने ड्रम ब्रेक कायम ठेवून त्यांच्या जोडीला चालकामागे उभी राहणारी हवारोधक झडप बसविली. ११ जून रोजी माइक हॉथॉर्न यांनी लान्स मॅक्लिन यांना मागे टाकले आणि पिटमध्ये थांबण्यासाठी डिस्क ब्रेकची जॅग्वार वेगाने मंदावली. मॅक्लिन यांची गाडी डावीकडे वळली आणि मागून येणारी पिएर लवेग यांची मर्सिडीज तिच्यावर आदळून उडाली. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. चौकशीत कोणाही चालकाला दोषी धरण्यात आले नाही. पिटसमोरचा रस्ता अरुंद होता व वेग कमी करण्यासाठी स्वतंत्र पट्टा नव्हता. त्यामुळे केवळ ब्रेकच्या फरकावर दुर्घटनेचा भार टाकणे युक्त ठरणार नाही.

निष्कर्ष

ब्रेक सुधारला, त्यानुसार चालकाचे तंत्रही बदलले. परंतु रस्त्याची रचना आणि प्रेक्षकांचे संरक्षण मागे राहिले. १९५६ च्या शर्यतीपूर्वी पिटचा भाग नव्याने बांधण्यात आला. उत्तम ब्रेकमुळे चालकाला अधिक उशिरा निर्णय घेता येतो. त्या निर्णयाचा अंदाज मागच्या चालकाला येणे आणि तो चुकल्यास रस्त्यावर पुरेशी जागा असणे, हाही ब्रेकच्या इतिहासाचाच भाग आहे.