मधला रूळ

शेजारचा आठ वर्षांचा पोरगा परवा माझ्या खोलीत आला, टेबलावरच्या प्लायवूडकडे दोन मिनिटं टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, खऱ्या रेल्वेला दोन रूळ असतात. तुझ्या गाडीला तीन का?"

आता याला काय सांगणार? "अरे, जुनी आहे ना ती, म्हणून" असं काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न बरोबर होता. खोटी गाडी खरी वाटावी म्हणून माणसं डब्यांना इवल्याशा कड्या लावतात, इंजिनावर रिवेट कोरतात, आणि मग रुळांच्या बरोबर मधोमध एक चकचकीत पट्टी टाकतात, जी जगातल्या बहुतेक मोठ्या रेल्वेंत तिथे नसते! (वीज देणारा तिसरा रूळ खराही असतो. आपली पहिली मेट्रो, १९८४ ची कोलकात्याची, त्याच्यावरच चालते. पण तो एका बाजूला असतो, मधोमध नाही.) या एका पट्टीमागे चांगला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, म्हणून हा वीकेंड त्याच्यावर.

आधी माझ्या गाडीबद्दल. कंपनीने वर्षभर इंग्लंडला ऑनसाइट पाठवलं होतं. तिकडे रविवारी सकाळी मैदानात लोक आपापल्या गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं जुनं सामान विकायला बसतात. अशाच एका डिकीत बुटांच्या खोक्यात मला हॉर्नबी डब्लो कंपनीचं टाकीवालं इंजिन मिळालं. काळं, अंगावर ६९५६७ हा नंबर, १९५० च्या दशकातलं. सोबत पत्र्याचे दोन डबे, वीस वाकडे रूळ, डझनभर सरळ रूळ आणि दोन सांधे. बॅगेत कपडे कमी आणि रूळ जास्त घेऊन पुण्याला परतलो. कस्टमवाल्याने एक्स-रेमध्ये काय पाहिलं असेल देव जाणे.

मांडायला जागा किती लागते, तर वाटते त्यापेक्षा कमी. डब्लोच्या वळणाची त्रिज्या १५ इंच आणि आठ तुकड्यांत गोल पुरा. म्हणजे चार बाय तीन फुटांच्या प्लायवर दोन सरळ तुकडे घालून छान लंबगोल बसतो, वर आत एक बाजूची लाईन काढता येते. रूळ मिठाईच्या डब्यासारख्या जाड पत्र्यावर बसवलेले, एकमेकांत खटकन अडकतात. गंज होता, तो बारीक सँडपेपरने काढला. ट्रान्सफॉर्मर मात्र जुना वापरला नाही. सत्तर वर्षं जुन्या इन्सुलेशनवर २३० व्होल्ट लावायची हिंमत माझ्यात नाही आणि तुम्हीही करू नका. नवा १२ व्होल्टचा डीसी सप्लाय लावला, बाबांनी दोन ठिकाणी डाख दिला, आणि इंजिन पहिल्या झटक्यात चाललं. चाललं म्हणजे काय, गरम तेलाचा आणि ठिणग्यांचा तो वास घरभर पसरला!

आता इतिहास. खेळण्यातली रेल्वे ही मुळात जर्मन पत्रेकाम करणाऱ्यांची करामत. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मार्कलिन कंपनीने एक साधी पण भारी गोष्ट केली: रुळांची ठरावीक मापं जाहीर केली आणि रूळ, डबे, सांधे सुटे विकायला काढले. म्हणजे यंदा इंजिन घ्या, पुढच्या नाताळला दोन डबे, त्याच्या पुढच्या वर्षी एक सांधा. एकदा पोराच्या घरी एका मापाचा रूळ गेला की तो आयुष्यभर तुमचं गिऱ्हाईक. आपल्या क्षेत्रात याला प्लॅटफॉर्म म्हणतात आणि कुणीतरी २००० नंतर शोधून काढलं असं समजतात :-)

याच्या उलट नमुना अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या लायोनेल कंपनीची १९०१ ची पहिली विजेची गाडी चक्क दोन रुळांची होती. १९०६ मध्ये त्यांनी तीन रूळ घेतले, दुसऱ्या कुणाशी न जुळणारं सव्वादोन इंचांच्या आतलं माप ठरवलं, आणि त्या मापाला नाव काय दिलं? 'स्टँडर्ड गेज'. नाव ट्रेडमार्कही करून टाकलं, त्यामुळे मागून तेच माप वापरणाऱ्यांना आपल्या रुळाला 'वाइड गेज' म्हणावं लागलं. ज्यांनी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या फाइल फॉरमॅटशी मारामारी केली आहे त्यांना हे वाचून भरून येईल.

पण दोनावरून तीन रुळांवर का आले? कारण चाक. दोन रुळांत एक रूळ प्लस, दुसरा मायनस. त्या काळचं चाक पत्र्याचं किंवा ओतीव धातूचं, आस लोखंडाचा. असा डबा दोन रुळांवर ठेवला की प्लस-मायनस थेट जोडले गेले, म्हणजे शॉर्ट. टाळायचं तर प्रत्येक डब्याच्या प्रत्येक आसावर निदान एका चाकाला इन्सुलेशन हवं. खेळण्याच्या किमतीत, लाखांच्या संख्येने, ते परवडणारं नव्हतं. त्यापेक्षा मधे एक पट्टी टाका, तिथून इंजिनाच्या पोटाखालच्या चिमट्याने वीज घ्या, आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत पाठवा. मग चाकं कसलीही असोत. चावीच्या गाडीचे डबेसुद्धा तसेच्या तसे विजेच्या गाडीला चालले. म्हणजे मधला रूळ ही सौंदर्यदृष्टीची चूक नव्हती, स्वस्त चाकाची किंमत होती.

दुसरा फायदा मला खरा इंजिनिअरिंगवाला वाटतो. गाडी पुढे जाऊन एका मोठ्या वळशाने फिरून त्याच लाईनवर परत आली असं समजा. दोन रुळांत हा वळसा घातला की डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो, प्लसला मायनस. पुन्हा शॉर्ट. त्यासाठी तो तुकडा वेगळा तोडा, वेगळी स्विच लावा, गाडी आत असताना ती फिरवा, अशी सगळी यातायात. तीन रुळांत दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे कशीही फिरवा, काही होत नाही. १९३५ मध्ये जर्मनीतल्या ट्रिक्स कंपनीने तर यावर कडी केली. मधला रूळ सामाईक, डावा एका गाडीला आणि उजवा दुसऱ्या गाडीला. एकाच लाईनवर दोन गाड्या, दोन स्वतंत्र कंट्रोलर! त्या कंपनीमागचे श्टेफान बिंग न्युरेंबर्गच्या मोठ्या खेळणीवाल्या ज्यू घराण्यातले. नाझींच्या राज्यात कंपनी हातातून गेली आणि १९३८ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले. खेळण्यांच्या इतिहासात असं पान मधेच उलटलं जातं.

त्याच १९३८ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी डब्लो बाजारात आणली. संस्थापक फ्रँक हॉर्नबी दोन वर्षांपूर्वीच वारले होते. डब्लो म्हणजे 'डबल ओ'. इथे एक गंमत सांगायलाच हवी. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने बारीक, त्यामुळे त्याच प्रमाणात लहान केली की आत मोटर मावेना. मग काय, इंजिन थोडं मोठं केलं (फुटाला ४ मिलिमीटर) आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरवरच ठेवले. खरं तर १८.८३ हवे होते. ही तडजोड तिकडे आजही चालू आहे. आपली डेक्कन क्वीन याच प्रमाणात करायची तर साडेपाच फुटांचं ब्रॉडगेज म्हणजे रूळ २२ मिलिमीटरचे लागतील. शेजारच्या पोराने डेक्कन क्वीन मागितली तर हे उत्तर तयार ठेवलंय. नाहीतर सरळ त्याला कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवून आणावं. ते १९९८ मध्ये उघडलं, आणि माझ्या डोक्यात हा किडा शाळेच्या सहलीत तिथेच शिरला.

युद्धानंतर दहा वर्षं डब्लो जोरात होती. मग प्लॅस्टिक आलं. प्लॅस्टिकचं चाक म्हणजे फुकटचं इन्सुलेशन! तिसऱ्या रुळाचं मूळ कारणच संपलं. लाइन्स ब्रदर्सच्या ट्रायँगने स्वस्त, प्लॅस्टिकच्या, दोन रुळांच्या गाड्या विकायला सुरुवात केली. मेकॅनो कंपनी हलली ती १९५९ मध्ये, आणि हलली तीसुद्धा अर्धवट: दोन रुळांची डब्लो आणली, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी तीन रुळांचीही चालू ठेवली. म्हणजे तेच इंजिन दोन प्रकारांत, रूळ दोन प्रकारांत, दुकानदाराने माल दोन्हींचा भरायचा. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो विकत घेतली. गंमत म्हणजे नाव हॉर्नबीचंच टिकलं, ते ट्रायँगच्या गाड्यांवर चढलं आणि अजून आहे. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

सगळेजण म्हणतात, डब्लो तिसऱ्या रुळाने बुडाली. मला पटत नाही. मार्कलिनने १९५० च्या दशकात तोच मधला रूळ ठेवला, फक्त पट्टी काढून स्लीपरांमध्ये बारीक खिळ्यांची रांग केली. दिसायला दोन रूळ, विजेला तीन. जुनं इंजिन नव्या रुळावर चालतं, आजसुद्धा. २००९ मध्ये, कंपनीच्या दीडशेव्या वर्षी, त्यांनीही दिवाळखोरीचा अर्ज केला, पण सावरले. डब्लोचा घोळ जुनं सांभाळण्यात नव्हता, जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून दोघांचाही खर्च उचलण्यात होता. ऑफिसात आम्ही गेली तीन वर्षं एका सिस्टिमची दोन व्हर्जन्स सांभाळतोय, त्यामुळे याबाबतीत माझं मन कलुषित आहे हे मान्य.

असो. आता माझा पराक्रम.

महिनाभर चालवल्यावर इंजिन अडखळायला लागलं. कम्युटेटर साफ करावा म्हणून मी मोटर उघडली, आर्मेचर बाहेर काढलं, स्पिरिटने पुसलं, परत बसवलं. इंजिन एकटं आधीपेक्षा जोरात पळायला लागलं. मी खूश! मग दोन डबे जोडले तर जागचं हलेना, आणि हात लावला तर तापलेलं. चुंबक गेलं होतं. त्या काळच्या चुंबकांचं असं असतं की समोर लोखंड असेल तोवरच ताकद टिकते. आर्मेचर काढताना खाचेत लोखंडी पट्टी घालायची असते, नाहीतर चुंबक स्वतःच उतरत जातं. चुंबक उतरलं की बिनभाराची मोटर जास्त पळते, करंट जास्त खाते, पण जोर नसतो. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी वाचलं. सत्तर वर्षं टिकलेली गोष्ट मी दहा मिनिटांत मारली, तीही दुरुस्तीच्या नावाखाली. दोन दिवस जेवण गेलं नाही म्हटलं तरी चालेल.

बाबा म्हणाले, "अरे, स्कूटरचं मॅग्नेट चार्ज करतात ना, तसं करून बघ. नाना पेठेत विचार."

नाना पेठेत तीन दुकानं फिरल्यावर चौथ्याने एका बोळात पाठवलं. तिथे साठीचे एक काका, समोर जुन्या मोटरसायकलींच्या मॅग्नेटोंचा ढीग, आणि टेबलावर जाड तांब्याच्या तारेचे दोन गठ्ठे. मी खोक्यातून इंजिन काढलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. "पोराचं का?" मी हो म्हणालो. मोटर अख्खी तशीच, न उघडता, त्या दोन लोखंडी ठोकळ्यांमध्ये धरली आणि खटका दाबला. टक्. बस, एवढंच. "आता परत खोलू नको. खोलायचंच असेल तर पट्टी लावून खोल." पैसे किती विचारलं तर म्हणाले, "चहाचे दे."

घरी येऊन रुळावर ठेवलं, दोन्ही डबे जोडले, कंट्रोलर पुढे सरकवला. गाडी झोकात निघाली... मागे! काकांनी उत्तर-दक्षिण उलटं भरलं होतं. तारा अदलाबदल करून दोन मिनिटांत सरळ करता आलं असतं. केलं नाही.

गेल्या शनिवारी सगळे रूळ टेबलावरून काढून जमिनीवर मांडले. हॉलमधून सरळ लाईन, स्वयंपाकघराच्या दारात सांधा आणि ओट्यासमोर मोठा वळसा. शेजारचा पोरगा सांधेवाला. गाडी वळशात गेली की त्याने खटका फिरवायचा आणि ती त्याच लाईनवर हॉलमध्ये परत यायची.

"आता बघ," मी म्हटलं, "दोन रूळ असते ना, तर इथे भडका उडाला असता."

"मग तीनच बरे," तो म्हणाला. त्याचं लक्ष खटक्याकडे होतं. कंट्रोलर मागे ओढला की गाडी पुढे जाते, हे त्याने कधीच पाठ केलं होतं. मी मात्र दर वेळी चुकत होतो. पाचव्या फेरीला आई म्हणाली, "अरे, तुमची गाडी थांबवा, मला कुकर लावायचाय."