साखरेचं बेट आणि कापसाचा जिल्हा: मॉरिशसची गोष्ट यवतमाळातून ऐकताना

आजचा भाग समुद्रातल्या एका बेटाबद्दल आहे, आणि बोलतेय मी यवतमाळातून. इथून कुठलाही समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. मग बेटाचा विषय कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण सांगते. टिपेश्वरच्या वाघांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले तसं एक वाक्य सारखं कानावर पडतंय, पांढरकवड्यापासून दत्त चौकापर्यंत: "पर्यटन वाढलं की आपला जिल्हा सुधारेल." वाक्य चांगलंच आहे. पण पर्यटनावर पोट असणं म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी पन्नास वर्षं अनुभवलंय त्यांचा इतिहास आधी ऐकून घेऊ.

मी मॉरिशस निवडलं, कारण तिथे आपली माणसं आहेत. हिंदी महासागरातलं हे बेट. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपला यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे मॉरिशस आपल्यात सहा वेळा बसून वर जागा उरेल. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच २७ लाखांच्या वर होती.

डच लोक तिथे १५९८ मध्ये उतरले, मग फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून घेतलं. ऊस लावायचा आणि साखर युरोपला पाठवायची, हा तिथला धंदा. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली, आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. ते हात आले हिंदुस्थानातून. १८३४ पासून पुढच्या ७०-७५ वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. त्यांनाच आपण गिरमिटिये म्हणतो. पोर्ट लुईस बंदरावर ते ज्या ठिकाणी उतरले ते आप्रवासी घाट आज जागतिक वारसा स्थळ आहे. सगळ्यात जास्त लोक बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, कोकणातल्या जाखडीची आठवण देणारा 'झाकरी' नाच करतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते.

आता जरा मॉरिशस सोडून आपल्या काळ्या मातीत या. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव पडले. लागवड मात्र थांबली नाही. जिथे ज्वारी-तूर होती तिथे पऱ्हाटी येत गेली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. हीच आपली शकुंतला. ११३ किलोमीटरची ही गाडी लोकांना नेत होती हे खरं, पण तिचं मूळ काम कापसाच्या गाठी मोठ्या लाइनला नेऊन पोचवायचं. तिथून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर.

म्हणजे बघा, एकाच साम्राज्यातले दोन तुकडे. एकाला सांगितलं ऊस पिकव, दुसऱ्याला सांगितलं कापूस पिकव. दोघांचंही एकच पीक, आणि दोघांचाही भाव ठरवणारा माणूस तिसऱ्याच गावात बसलेला.

१९६८ च्या १२ मार्चला मॉरिशस स्वतंत्र झालं. तेव्हा देशाच्या निर्यातीत ९० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या साखरेचा होता. वर चक्रीवादळांची भीती कायमची. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या बेटाचा अभ्यास केला होता. लोकसंख्या वाढतेय, जमीन तेवढीच आहे, पीक एकच आहे, त्यामुळे भविष्य कठीण दिसतं, असा त्यांचा सूर होता. आकडे बघितले तर त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं.

पण गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. का गेली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७५ मध्ये युरोपशी करार झाला आणि मॉरिशसची दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचं युरोपने कबूल केलं. जगाचा बाजार पडला तरी यांचा भाव टिकून. आपल्याकडे त्याच्या थोडं आधी, १९७२ मध्ये, महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली होती. कल्पना जवळपास तीच: शेतकऱ्याला भावाची हमी.

मग फरक कुठे पडला? मॉरिशसमध्ये सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि तो पैसा बेटावरच खर्च केला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. साखर कारखानदार घराण्यांनी, आणि ती बहुतेक फ्रेंच वंशाची होती, स्वतःचा नफा बेटावरच कापड उद्योगात आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत घातला. १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, आणि हजारो मुली-बायका शिवणयंत्रांवर बसल्या. म्हणजे उसाच्या पैशातून दुसरा धंदा उभा राहिला, आणि दोन्हींच्या जोडीला तिसरा.

हा तिसरा म्हणजे पर्यटन. स्वातंत्र्याच्या वर्षी तिथे जेमतेम १५ हजार पाहुणे आले होते. २०१८ मध्ये ते १४ लाखांच्या जवळ पोचले. देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त! स्वस्तातली गर्दी नको, मोजके पण जास्त खर्च करणारे पाहुणे हवेत, हे धोरण त्यांनी बरीच वर्षं धरून ठेवलं.

मग आलं २००६ साल. युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कमी करायला सुरुवात केली. कापड उद्योगालाही त्याच सुमारास फटका बसला, कारण जागतिक कापड व्यापारातला कोटा २००५ पासून उठला आणि चीनशी थेट गाठ पडली. त्याच २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळ धरून ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, कारण आपल्याकडे शेतकरी जीव देत होते. त्यांच्याकडे पीक आजारी पडलं तेव्हा घरात कमावणारी आणखी माणसं होती. आपल्या घरात कमावता एकच होता, कापूस. आणि त्याचा नफा पिढ्यान्‌पिढ्या शकुंतलेत बसून बाहेर गेला होता.

पण थांबा, मॉरिशसचं सगळं गोड आहे असं समजू नका. साखर आणि कापड मागे पडत गेलं तसं पर्यटनावरचं ओझं वाढत गेलं. २०१९ मध्ये १३ लाख ८३ हजार पाहुणे आले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. त्या वर्षभरात मिळून ३ लाखांच्या आसपास, म्हणजे बहुतेक पहिल्या अडीच महिन्यांतलेच. २०२१ मध्ये तर २ लाखसुद्धा नाहीत. देशाची अर्थव्यवस्था एका वर्षात १५ टक्क्यांच्या आसपास आकसली. कामगारांच्या पगाराचा भार सरकारने उचलला, आणि त्यासाठी मध्यवर्ती बँकेची तिजोरी उघडावी लागली. बेट स्वतःचं बहुतांश अन्न बाहेरून आणतं. डॉलर-युरो यायचे थांबले की रुपया घसरतो, आणि मग हॉटेलशी काहीही संबंध नसलेल्या माणसाच्या ताटातलं तेल आणि डाळ महाग होते.

त्यातच २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे १,००० टन तेल निळ्या पाण्यात पसरलं. सरकारची वाट न बघता लोक किनाऱ्यावर धावले. तेल अडवायला त्यांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. ज्या उसाला देश विसरत चालला होता, त्याचंच पाचट पर्यटनाचा किनारा वाचवायला कामी आलं.

पर्यटन किती नाजूक असतं याचं आणखी ताजं उदाहरण तुम्हाला रीलमधून माहीत असेल. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झालं आणि आज तो देश पाहुण्यांवरच चालतो. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या काही उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर भारताच्या पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं. २०२३ मध्ये २ लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले होते, २०२४ मध्ये साधारण १ लाख ३० हजार. वादळ नाही, रोगराई नाही, नुसत्या पोस्टी. कापसाचा भाव पडायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता आपल्या टिपेश्वरकडे येऊ. १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, चारी बाजूंनी शेती आणि एका अंगाला नागपूर-हैदराबाद महामार्ग. एका अर्थाने तेही बेटच आहे. त्याच्या जोरावर जिल्ह्याचं भलं होऊ शकतं का? मला वाटतं, होऊ शकतं, पण पर्यटन दुसरा कमावता म्हणून आलं तर. जरा कॅलेंडर बघा. पावसाळ्याचे ३ महिने सफारी बंद. त्याच महिन्यांत शेतात डवरणी, निंदण, फवारणी. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर दिसतो म्हणून गर्दी होते, आणि तेव्हाच कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला काम नसतं. म्हणजे ही दोन्ही कामं एका घरात नांदू शकतात. ज्या पोराने वावर विकून, कर्ज काढून फक्त जिप्सी घेतली, त्याचं मात्र मॉरिशसच्या २०२० सारखं होऊ शकतं. वाघाने जंगल बदललं, गेट बंद झालं, कुठे माणसावर हल्ला झाला, की हप्ता तसाच आणि गाडी उभी.

आणि दुसरा प्रश्न, नफा मुक्कामाला कुठे राहतो? जेवणातली भाकरी, भाजी, दूध शेजारच्या गावातून येतं की नागपूरहून टेम्पोतून? खोल्या गावातल्या माणसाच्या की बाहेरच्या? गाइडचं काम गावच्या पोरीलाही मिळतं का? हे प्रश्न आत्ताच विचारायचे, कारण हॉटेलं बांधून झाल्यावर विचारून उपयोग नसतो. मॉरिशस टिकलं ते समुद्र सुंदर होता म्हणून नाही. सुंदर समुद्र खूप जणांकडे आहे. एका धंद्याचा पैसा त्यांनी पुढच्या धंद्यात आणि पोरांच्या शाळेत घातला, म्हणून ते पुन्हा उभं राहिलं. २०२३ मध्ये पाहुणे परत १३ लाखांच्या जवळ पोचले.

तुमचं गाव टिपेश्वरच्या, किंवा कुठल्याही जंगलाच्या, किल्ल्याच्या, किनाऱ्याच्या आसपास असेल, तर एक काम करा. मागच्या महिन्यात आलेल्या एका पाहुण्याने दिलेले पैसे कुठे कुठे गेले, ते कागदावर लिहून काढा. किती गावात राहिले, किती बाहेर गेले. आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. तोपर्यंत, राम राम!