होन, अस्ल आणि अस्सल

गेली दोन वर्षं मी थोडं थोडं जपानी शिकतो आहे. जपानी लिहिताना चीनमधून आलेली चिन्हं वापरतात, त्यांना ‘कांजी’ म्हणतात. त्यांतल्या एका अगदी रोजच्या चिन्हाबद्दल आज लिहितो. जपानी मुलं पहिलीत जी ८० चिन्हं गिरवतात, त्यांत हे एक आहे.

एक उभी रेघ, तिला वरच्या बाजूला छेदणारी आडवी रेघ आणि दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा काढल्या की ‘झाड’ होतं. या झाडाच्या बुंध्याशी आणखी एक छोटी आडवी रेघ मारली की होतं ‘मूळ’. त्याचे उच्चार दोन आहेत. ‘होन’ हा चिन्हाबरोबर आलेला चिनी वळणाचा उच्चार, तर ‘मोतो’ हा जपानी भाषेचा आपला जुना शब्द. उसन्या चिन्हात दोन्ही सुखाने नांदतात.

मुळापासून अर्थ पसरत जातो. ‘किहोन’ म्हणजे पाया, ‘होंतो’ म्हणजे खरोखर, ‘होनमोनो’ म्हणजे खरीखुरी वस्तू. नुसतं ‘होन’ म्हटलं तर पुस्तक. पेन्सिली, बाटल्या, छत्र्या अशा लांबट वस्तू मोजतानाही हेच चिन्ह येतं : एक असेल तर ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘साम्बोन’. आणि देशाचं नावही ‘निहोन’च. मात्र तिथे पहिलं चिन्ह सूर्याचं असतं, म्हणून अर्थ होतो सूर्याचं मूळ, सूर्य उगवतो तो देश.

उर्दू शिकवणाऱ्याला हा प्रवास ओळखीचा वाटतो. अरबीत ‘अस्ल’ म्हणजे मूळ, बुंधा. त्याचं अनेकवचन ‘उसूल’, म्हणजे तत्त्वं. त्यावरूनच ‘असली’, म्हणजे खरा. एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन भाषा मुळापासून सत्यापर्यंत एकाच वाटेने गेल्या.

जपानमध्ये या उसन्या चिन्हांवरून वादही झाले. अठराव्या शतकातले मोतोओरी नोरिनागा हे मोठे विद्वान. जपानी मनावर चढलेला चिनी विचारांचा थर खरवडून काढावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी ‘कोजिकी’ या ७१२ सालच्या ग्रंथावर १७६४ ते १७९८ अशी सुमारे ३५ वर्षं भाष्य लिहिलं. पण तो ग्रंथ पूर्णपणे चिनी चिन्हांतच लिहिलेला होता. शिवाय नोरिनागांनी पूर्वजांचं म्हणून पुन्हा धारण केलेलं ‘मोतोओरी’ हे आडनाव लिहायचं, तर सुरुवात आपल्या याच ‘मूळ’ चिन्हाने करावी लागे.

पुढे १८६६ मध्ये माएजिमा हिसोका यांनी कांजी बंदच करावी, असा अर्ज थेट शोगुनकडे केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने रोमन लिपीची शिफारस केली. जपान सरकारने त्याच वर्षी रोजच्या वापरासाठी १८५० चिन्हांची यादी ठरवली. २०१० मध्ये ती वाढून २१३६ झाली. चिन्हं गेली नाहीत, कारण तोवर ती जपानीच झाली होती. देशाच्या नावातली दोन्ही चिन्हं चिनी आहेत, म्हणून कुणी जपान्याला उपरा म्हणत नाही.

‘तुमचं मराठी अस्सल वाटत नाही’ हे वाक्य मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला नवं नाही. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. पण ज्या शब्दाने तो माझं मराठीपण मोजतो, तो ‘अस्सल’ त्याच अरबी ‘अस्ल’मधून आला आहे. त्याच्या जोडीचा ‘नक्कल’ही अरबीच. शतकानुशतकं मराठी तोंडात घोळून दोन्ही शब्द मराठी झाले आणि ते परत करा, असं आज कुणी म्हणत नाही. शब्दाला आपण ही सवलत देतो. ती माणसालाही मिळायला हवी.