मागच्या तारखेचं मतदान

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मी आजवर तीन वेळा मतदान केलं आहे. तिन्ही वेळा आमच्या बँकेत, जेवणाच्या सुट्टीत, पैसे काढायच्या रद्द झालेल्या स्लिपांच्या पाठीवर. नगरपालिकेच्या निवडणुकीत माझं नाव यादीत सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे सुरू झालं आमच्या हेडकॅशिअरांमुळे. या गृहस्थांना झालेल्या गोष्टीची आधीपासून कल्पना असते. शेअर बाजार कोसळून गेला, मॅनेजरांची बदली होऊन गेली, की हे डबा उघडता उघडता म्हणणार, "मी म्हटलं नव्हतं?" अलीकडे त्यांनी अमेरिकेचा इतिहास वाचायला घेतला आहे. एके दिवशी मटकीच्या उसळीवरून ते थेट १८५६ सालात उतरले. त्या साली अमेरिकन जनतेनं जेम्स बुकॅननला निवडून दिलं आणि त्याची मुदत संपायच्या आत देश फुटायला लागला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. "इतकं साधं कळू नये लोकांना?" हेडकॅशिअर कळवळून म्हणाले. मी म्हटलं, "मग घेऊ या पुन्हा मतदान. आपल्याला तर पुढचं सगळं ठाऊक आहे."

बँकेत याची सोय आहेच. नोंद आज करायची, पण तिचा अंमल मागच्या तारखेपासून धरायचा. तिला आम्ही व्हॅल्यू डेट म्हणतो. सोपं काम. फक्त मधल्या सगळ्या दिवसांचं व्याज नव्यानं मोजलं जातं आणि दुसऱ्या दिवशी खातेदार येऊन भांडतो. पण त्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

उमेदवारांची छाननी कर्जखात्याच्या साहेबांकडे दिली. बुकॅननची माहिती ऐकून ते प्रसन्न झाले. प्रतिनिधिगृह झालं, रशियात राजदूत, सिनेट झालं, मग परराष्ट्रमंत्री, मग इंग्लंडमध्ये राजदूत. कॅन्ससमध्ये गुलामगिरीवरून माणसं एकमेकांचे जीव घेत होती तेव्हा हा लंडनमध्ये, म्हणजे एकाही वादग्रस्त कागदावर सही नाही! अशा माणसाला बढती मिळाली नाही तर युनियन संप करील. समोर फ्रेमाँट. डोंगरदऱ्या धुंडाळणारा, लष्करी कोर्टात एकदा दोषी ठरलेला. हा आला तर आम्ही फुटून निघू, असं दक्षिणेतली मंडळी उघड म्हणत होती. गंमत म्हणून मी लिंकनची चार वर्षांनंतरची माहितीही वाचली. दुकान बुडालेलं, त्याचं कर्ज फेडण्यात वर्षानुवर्षं गेलेली. प्रतिनिधिगृहात एकच मुदत. सिनेटला दोनदा बसला, दोनदा नापास. शाळा सगळी मिळून वर्षभराची. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "जामीनदार कोण?"

खरं सांगायचं तर बुकॅनन हा मनुष्य मला ओळखीचा वाटतो. दक्षिणेकडची राज्यं फुटायला निघाली तेव्हा त्यानं सांगितलं, राज्यांना फुटून निघण्याचा अधिकार नाही. पण त्यांना बळानं रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही नाही. आपला अर्ज नियमबाह्य आहे, मात्र तो नामंजूर करण्याचे अधिकार या शाखेस नाहीत! असली पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत.

आणि बुकॅननला मत देणारे सगळे काही बावळट नव्हते. त्यांत मिसुरीत शेती करणारा एक माजी कॅप्टन होता, युलिसिस ग्रँट. पुढे ज्यानं हे युद्ध जिंकून दिलं आणि १८६८ साली जो स्वतः अध्यक्ष म्हणून निवडून आला, तोच. आत्मचरित्रात त्यानं हिशेब मांडला आहे: फ्रेमाँट आला तर देश लगेच फुटेल, बुकॅनन आला तर निदान चार वर्षं मिळतील, तोवर डोकी थंड होतील. डोकी थंड झाली नाहीत. पण आपण आज फ्रेमाँटला निवडून दिलं तर? युद्ध कदाचित १८५७ मध्येच, लिंकन इलिनॉयमध्ये वकिली करतोय आणि ग्रँट शेतात. म्हणजे लिंकन हवा असेल तर आधी चार वर्षं बुकॅनन सोसायचा. व्याजाची फेरमोजणी सुरू झाली ती अशी.

मी स्लिपा वाटल्या. क्लिअरिंगच्या बाईंनी आपली परत केली. "१८५६ मध्ये मला मत होतं का?" नव्हतं. सगळ्या अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० साली. मग आमच्या दफ्तरींनी, जे जेवताना बोलत नाहीत, विचारलं, "ज्यांच्यावरून भांडण होतं, त्यांना होतं का?"

१८६० च्या खानेसुमारीत जवळजवळ ४० लाख गुलाम मोजले गेले. मोजले गेले ते कसे, तर मालकांच्या राज्याला प्रतिनिधी किती आणि अध्यक्ष निवडताना मतं किती हे ठरवण्यासाठी पाच गुलामांचे तीन माणसं धरून. आयुष्यभर बँकेत घालवूनही असं खातं मी पाहिलेलं नाही. ठेव एकाची, आणि व्याज त्याला साखळी घालणाऱ्याच्या नावावर जमा. दफ्तरींनी स्लिपची घडी करून खिशात ठेवली. उरलेल्या तीन मतांत हेडकॅशिअरांचं फ्रेमाँटला, साहेबांचं बुकॅननला आणि माझंही, मान खाली घालून, बुकॅननला. पुढचं सगळं ठाऊक असूनही बुकॅनन पुन्हा निवडून आला.

पुढच्या आठवड्यात १९२८. हे तरी सरळ असेल अशी आशा होती. हूवर आला, वर्षाच्या आत बाजार कोसळला, पुढच्या मंदीत हजारो बँका बुडाल्या. बँका बुडाल्या म्हणताच साहेबांनी हातातली पोळी खाली ठेवली. बेघरांच्या झोपड्यांच्या वस्त्यांना लोकांनी त्याचंच नाव दिलं, हूवरव्हिल. पण त्या आधीचा हूवर पाहा. अनाथ मुलगा, खाणींचा इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पुरवणारा, पुढे सात वर्षं वाणिज्यमंत्री, म्हणजे आमच्याच कॉमर्सचा! १९२० मध्ये खुद्द फ्रँकलिन रूझवेल्टला हाच मनुष्य अध्यक्ष व्हावा असं वाटत होतं. ४८ पैकी ४० राज्यांनी त्याला निवडलं, त्यांत वेडेपणा काय होता? त्याच्याविरुद्ध अल स्मिथ. पोरपणी शाळा सोडून मासळीबाजारात राबलेला, न्यूयॉर्कचा गव्हर्नर झालेला, कॅथलिक म्हणून शिव्या खाल्लेला. फार चांगला माणूस. म्हणूनच बाई म्हणाल्या, "मग त्याच्या डोक्यावर ती मंदी कशाला घालता?" झोपड्यांना स्मिथव्हिल म्हणाले असते, आणि १९३२ मध्ये त्याच्याच पक्षाच्या रूझवेल्टला कुणी दारात उभं केलं असतं? आम्ही पाचही जणांनी, पूर्ण शुद्धीवर असताना, हूवरला मतं दिली.

२००० सालचं मतदान होऊ शकलं नाही. फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतं, बुश आणि गोर यांच्यातला फरक ५३७, आणि फेरमोजणी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चारनं थांबवली, एवढं ऐकूनच हेडकॅशिअर उभे राहिले. "फरक लागला असताना मोजणी बंद? आणि सगळे घरी गेले?" आमच्याकडे पाच रुपये सदतीस पैशांसाठी आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो आहोत. बुशनं इराकवर सैन्य धाडलं इथपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

मग १९६४. जॉन्सन की गोल्डवॉटर. प्रचारात जॉन्सन सांगत होता, आशियातल्या पोरांनी लढायची लढाई लढायला आपली पोरं हजारो मैल दूर पाठवायची नाहीत. लोकांनी त्याला ६१ टक्के मतं दिली. १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर अमेरिकन पोरं होती. त्या युद्धात ५८,००० हून जास्त अमेरिकन मेले, व्हिएतनामी लाखांनी. साहेब म्हणाले, शब्द मोडणारा तो थकबाकीदार, मत गोल्डवॉटरला. मी म्हटलं, गोल्डवॉटर तर आणखी जोरात लढा म्हणत होता. "असू दे. याला शिक्षा नको?" हेडकॅशिअर साहेबांच्या बाजूला गेले.

दफ्तरींनी या खेपेला स्लिप मागून घेतली. काळ्या माणसाला मतापासून अडवणारे दक्षिणेतले डावपेच मोडणारा कायदा १९६५ सालचा, सही जॉन्सनची. बाईही तिकडेच.

राहिलो मी. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जॉन्सननं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून आणखी एका कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो गेला, आणि १९७१ मध्ये माझे मामा न्यू जर्सीला इंजिनिअर म्हणून लागले. आईच्या हृदयाचं ऑपरेशन मामांच्या डॉलरवर झालं, माझी बी.कॉम.ची फीही. जॉन्सन नसता तर तो कायदा निघाला असता की नाही, कोण सांगणार? आणि मिशिगनकडच्या कुठल्यातरी घरात, नाहीतर ह्युएजवळच्या एखाद्या गावात, ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिच्यासमोर माझ्या आईचं ऑपरेशन मी कुठल्या रकान्यात मांडू? पेन हातात होतं. बाहेर काउंटरवर कुणीतरी नाण्यानं काच वाजवत होतं.

हेडकॅशिअरांनी स्लिपा नोटांसारख्या थुंकी लावून मोजल्या. जॉन्सन दोन, गोल्डवॉटर दोन. एक कोरी.

"ही कुणाची?"

मी डब्याचं झाकण लावत होतो.

"मला वाटलंच होतं," हेडकॅशिअर म्हणाले.