घोट, आवाज आणि कवटीतील मज्जातंतू

मेंदूच्या तळाकडून निघून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. बोलणे आणि गिळणे या क्रिया त्यांतील पाचवी, सातवी, नववी, दहावी व बारावी या जोड्या मुख्यत्वे सांभाळतात. घोट गिळताना नाकाकडील वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे जेमतेम एका सेकंदात घडते.

शाळेत पाठ केलेली वर्णमाला या तंतूंच्या परीक्षेला चांगलीच उपयोगी पडते. प, ब ही ओठांची अक्षरे नीट उमटत नसतील, गालात घास साचत असेल, तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळत असेल, तर संशय सातव्या तंतूवर जातो. त, ट, ळ यांसाठी जिभेचे टोक लागते व जीभ हलवतो बारावा. त्याला इजा झाल्यास बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूला वळते. टाळूचा मागचा मऊ भाग दहाव्याच्या ताब्यात असतो. तो लुळा पडला की हवा नाकावाटे निसटून 'बाबा' हा शब्द 'मामा'सारखा ऐकू येतो, प्यालेले पाणी नाकातून परतते. 'आ' म्हणताना पडजीभ मात्र निरोगी बाजूकडे ओढली जाते, म्हणजे जिभेच्या नेमके उलट.

या दहाव्या तंतूचा, अर्थात व्हेगसचा, प्रवास विलक्षण आहे. त्याची स्वरयंत्राकडे जाणारी डावी शाखा आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्यात चढते. त्यामुळे आवाज घोगरा होण्याचे मूळ फुप्फुसातील गाठीत किंवा महाधमनीच्या फुगवट्यातही असू शकते. हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये आवाज बसल्याचे नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी 1897 मध्ये नोंदवले होते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतही ही शाखा दुखावू शकते. बहुतेकदा घसा बसतो तो सर्दीने वा ओरडण्याने. पण तीन आठवडे उलटूनही आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. गुळण्यांवर महिने काढणे धोक्याचे.

ठसका लागणे हे एका अर्थी सुचिन्हच, कारण संवेदना शाबूत असल्याचे ते लक्षण आहे. घशाची संवेदना नववा व दहावा तंतू वाहून नेतात. ती बोथट झाली की अन्न श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, गुरगुरता होणे, वारंवार न्यूमोनिया होणे एवढ्याच खुणा दिसतात.

हे सारे अचानक घडले, तर पक्षाघाताची शक्यता धरावी. अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये वर्णिलेल्या प्रकारात भोवळ, उचकी, घोगरा आवाज व गिळण्यास त्रास होतो, पण हातपाय सहसा लुळे पडत नाहीत. म्हणूनच घरचे 'पित्त झाले' म्हणून थांबतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेव्हा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात गिळण्याची चाचणी होईपर्यंत रुग्णाला पाणी, चहा, अगदी गोळीसुद्धा तोंडावाटे देऊ नये.