युरिक आम्लाचा मुतखडा

युरिक आम्लाचा मुतखडा हा मूत्रपिंडात किंवा मूत्रमार्गात युरिक आम्लाचे स्फटिक साचून तयार होणारा खडा आहे. मुतखड्यांमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे सर्वाधिक आढळतात. युरिक आम्लाच्या खड्यांचे प्रमाण साधारणतः १० टक्क्यांच्या आसपास असते. स्थूलता आणि प्रकार २ चा मधुमेह असलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण बरेच अधिक असते. त्यामुळे हा खडा चयापचयातील बिघाडाचा निदर्शकही मानला जातो.

इतिहास

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७६ मध्ये मूत्राशयातील खड्यातून युरिक आम्ल वेगळे केले. पुढे दीर्घकाळ या खड्याचा संबंध प्रामुख्याने गाउट आणि मांसाहाराशी जोडला जात असे.

कारणे

युरिक आम्लाची विद्राव्यता मूत्राच्या सामूवर अवलंबून असते. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेल्यास ते विरघळलेल्या स्थितीत राहत नाही व त्याचे स्फटिक बनतात. म्हणूनच अनेक रुग्णांच्या मूत्रात युरिक आम्लाचे प्रमाण सामान्य असूनही खडे होतात.

मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी अमोनिया तयार करतात. हा अमोनिया मूत्रातील आम्लता बांधून ठेवतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसेल, तर अमोनियाची निर्मिती कमी पडते आणि मूत्र अधिक आम्लधर्मी होते. कमी पाणी पिणे, अतिघाम, दीर्घकालीन अतिसार आणि अतिरिक्त मांसाहार हीदेखील कारणे आहेत.

चयापचय लक्षणसमूहाशी संबंध

कमरेचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली ट्रायग्लिसराइडे, कमी एचडीएल कोलेस्टेरॉल आणि वाढलेली उपाशीपोटी साखर या पाचांपैकी किमान तीन बाबी आढळल्यास चयापचय लक्षणसमूह मानला जातो. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी धरली जाते. अमेरिकेतील तीन दीर्घकालीन पाहण्यांवर आधारित व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजनवाढ आणि मुतखड्याचा धोका यांचा संबंध दिसून आला. स्थूलतेमुळे कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या खड्यांचा धोकाही वाढतो.

निदान

हा खडा साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. त्यामुळे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावे लागते. बाहेर पडलेल्या खड्याचे रासायनिक पृथक्करण आणि मूत्राचा सामू यांवरून प्रकार निश्चित होतो. अशा रुग्णांच्या रक्तातील साखरेचीही तपासणी करणे उपयुक्त ठरते.

उपचार व प्रतिबंध

शस्त्रक्रियेविना औषधाने विरघळू शकणे हे या खड्याचे वैशिष्ट्य आहे. पोटॅशियम सायट्रेटने मूत्राचा सामू ६.५ च्या आसपास राखला जातो. सामू ७ च्या वर गेल्यास कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडे अशक्त असल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर वाढू शकते. म्हणून हे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते.

दिवसाला सुमारे अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो. बिअरने खडा निघून जातो हा समज चुकीचा आहे. बिअरमधील प्युरिनांमुळे युरिक आम्ल वाढते. मूळ बिघाड कायम राहिल्यास खडा पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे वजन व रक्तशर्करा यांचे नियंत्रण महत्त्वाचे असते. वेदनेसोबत ताप किंवा थंडी वाजून येणे, अथवा लघवी बंद होणे, ही तातडीच्या उपचारांची लक्षणे आहेत.